बाबांची फाईल: जुने शेअर्स, पतसंस्थेचं कर्ज आणि सक्सेशन सर्टिफिकेट

गेल्या महिन्यात आईच्या डिमॅटमध्ये तिसऱ्या कंपनीचे शेअर्स जमा झाले आणि आमचं मोठं काम एकदाचं संपलं, म्हणून आता लिहायला बसलेय. बाबा ऑगस्ट २०२३ मध्ये गेले. तेव्हापासून आत्तापर्यंत कोर्ट, पतसंस्था, आरटीए (कंपन्यांचं शेअर्सचं रजिस्टर सांभाळणारी संस्था), आयईपीएफ (न घेतलेले शेअर्स आणि डिव्हिडंड जातात तो सरकारी निधी) हे सगळं चालूच होतं, आणि त्या काळात रात्री मोबाईलवर शोधताना मला मराठीत जे मिळायचं ते बहुतेक कमिशन घेणाऱ्या एजंटांनी लिहिलेलं असायचं. म्हणून जे जसं झालं तसं लिहितेय, तारखा आणि खर्चासकट.

थोडी पार्श्वभूमी लागेल, नाहीतर पुढचं कळणार नाही. बाबा १९७२ ला आकुर्डीला बजाजमध्ये लागले, टूलरूममध्ये. चेतक त्याच साली आली. पुढे त्या स्कूटरसाठी लोक वर्षानुवर्षं नंबर लावून थांबायचे, त्या काळात बजाजमध्ये नोकरी म्हणजे लग्नाच्या बाजारात चांगलंच वजन. १९९१ ला त्यांनी ती नोकरी सोडली आणि भोसरीत गाळा भाड्याने घेऊन स्वतःचं जॉबवर्क चालू केलं. दोन लेथ, नंतर एक मिलिंग, चार-पाच माणसं. स्कूटरचे किक शाफ्ट, बुश, पिना असलं काम, एका मोठ्या व्हेंडरमार्फत. सात-आठ वर्षं छान चाललं. मग गिऱ्हाईक स्कूटरवरून मोटरसायकलकडे वळलं, २००१ ला तर हिरो होंडा देशातली सगळ्यात मोठी दुचाकी कंपनी झाली, आणि बाबांचं सगळंच्या सगळं काम स्कूटरचं. वर त्या व्हेंडरकडे बिलं सहा-सहा महिने अडकलेली. २००२ ला गाळा बंद झाला, २००४ ला चिंचवडचा फ्लॅट विकला आणि आम्ही धनकवडीला भाड्याच्या दोन खोल्यांत आलो. मी तेव्हा बारावीत होते, दादा इंजिनिअरिंगला.

त्यानंतर नातेवाइकांत बाबांची ओळख एवढीच राहिली, की चांगली नोकरी सोडली आणि धंद्यात बुडाला. घरात कुणी बोलत नव्हतं पण आम्हा भावंडांच्याही मनात तेच होतं. दादाने तर आयुष्यभर नोकरीच करायची हे तिथेच ठरवलं असावं.

बाबा गेल्यावर पहिलं काम मृत्यूच्या दाखल्याचं. हॉस्पिटलमध्ये गेले असल्यामुळे नोंद तिथूनच गेली होती. घरी मृत्यू झाला तर नोंद २१ दिवसांच्या आत करायची असते, त्यानंतर लेट फी आणि जास्तीचे कागद. प्रती दहा तरी घ्या. प्रत्येक ठिकाणी एक ठेवून घेतात. आणि दाखल्यावरचं नाव, आधारवरचं, पॅनवरचं, सगळं अक्षर अक्षर जुळवून बघा, दुरुस्ती असेल तर तेव्हाच करून टाका. आमच्याकडे आईचं नाव एका जुन्या कागदावर माहेरचं होतं, त्यावरून पुढे वेगळं प्रतिज्ञापत्र द्यावं लागलं.

डिसेंबरात आईने कपाटातली खाकी फाईल काढून दिली, म्हणाली तूच बघ, मला बघवत नाही.

फाईलमध्ये सगळ्यात वर पतसंस्थेची २००३ ची नोटीस होती, सहकार कायद्याच्या कलम १०१ खालचा वसुली दाखला. १९९८ ला मिलिंग मशीनसाठी घेतलेले तीन लाख, १८ टक्क्यांनी वाढत गेलेले. त्याच्याखाली पावत्या. दीड हजार, दोन हजार, एका महिन्यात आठशे. फ्लॅट विकून बरंचसं फिटलं होतं, पण उरलेलं बाबा २०१४ पर्यंत भरत होते, म्हणजे दुसऱ्याच्या वर्कशॉपमध्ये सुपरवायझर म्हणून जी नोकरी त्यांनी पासष्टीपर्यंत केली त्या पगारातून. प्रत्येक पावतीच्या मागे पेन्सिलने उरलेली बाकी लिहिलेली. हे आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. आईला एवढंच माहीत होतं की पगार पूर्ण घरी येत नाही. मी त्या पावत्या तारखेप्रमाणे लावत बसले आणि माझ्या डोक्यात जे 'बुडाला' होतं ते त्या रात्रीपासून राहिलं नाही. बुडलेला माणूस असा दहा वर्षं हिशोब लिहीत बसत नाही.

आणि सगळ्यात खाली प्लॅस्टिकच्या कव्हरात बजाज ऑटोची शेअर सर्टिफिकेटं, नोकरीत असताना घेतलेली, बोनस म्हणजे कंपनीने फुकट दिलेले धरून ५० शेअर्स. हातातले कागद, डिमॅट वगैरे काही नाही.

इथून पुढचं जरा नीट वाचा, कारण अनेक घरांत अशीच सर्टिफिकेटं पडून आहेत. बजाज ऑटोचं २००८ ला विभाजन झालं. जुनी कंपनी बजाज होल्डिंग्ज अँड इन्व्हेस्टमेंट झाली आणि तिच्या प्रत्येक शेअरमागे नव्या बजाज ऑटोचा एक आणि बजाज फिनसर्व्हचा एक शेअर मिळाला. पुढे बजाज ऑटोने २०१० ला एकास एक बोनस दिला, म्हणजे तिथे ५० चे १०० झाले. फिनसर्व्हने २०२२ ला पाच रुपयांच्या शेअरचे एक-एक रुपयाचे पाच केले आणि वर एकास एक बोनस दिला, म्हणजे ५० चे ५००. आमच्या हातात कागद एकाच कंपनीचा होता आणि हक्क तीन कंपन्यांत होता. हे कळायला मला दोन आठवडे लागले. जुनी सर्टिफिकेटं रद्दीच्या भावाची समजून कुणी टाकू नका, आधी कंपनीचं पुढे काय झालं ते शोधा.

आता हे शेअर्स गेले कुठे? सलग सात वर्षं डिव्हिडंड घेतला गेला नाही की कंपनीला ते शेअर्स सरकारच्या आयईपीएफ खात्यात वर्ग करावे लागतात, कंपनी कायद्याचं कलम १२४. आमचे डिव्हिडंडचे कागद चिंचवडच्या विकलेल्या फ्लॅटवर जात राहिले आणि परत गेले. बाबांनी पत्ता का बदलला नाही, विसरले की त्या दिवसांत टपाल म्हटलं की वसुलीचंच असेल असं वाटून त्यांनी तो विषयच सोडला, हे आता कळायचा मार्ग नाही. शेअर्स बुडत मात्र नाहीत. हक्कदाराला ते कधीही मागता येतात, बोनस आणि साठलेल्या डिव्हिडंडसकट. आयईपीएफच्या वेबसाईटवर नावाने शोधायची सोय आहे, फुकट. मी तिथे बाबांचं नाव टाकलं आणि ते आलं, फोलिओ नंबरसह, म्हणजे कागदी शेअर्सच्या खात्याच्या नंबरसह. रडूच फुटलं एकदम, ऑफिसच्या कँटीनमध्ये.

जानेवारी २०२४ ला मी कंपन्यांच्या आरटीएला, म्हणजे हैदराबादच्या केफिनटेकला, फोलिओ नंबर, मृत्यूचा दाखला आणि आईचे केवायसी जोडून पत्र पाठवलं. रजिस्टर पोस्टाने पाठवा, पोचपावती जपा, ईमेलही करा. मार्चमध्ये उत्तर आलं. शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीच्या २०२२ च्या नियमाप्रमाणे कागदी शेअर्सची किंमत एका कंपनीत पाच लाखांपर्यंत असेल आणि नॉमिनी नसेल, तर प्रतिज्ञापत्र, इंडेम्निटी बाँड (पुढे कुणाचं नुकसान झालं तर भरून देऊ असं हमीपत्र) आणि बाकी वारसांची एनओसी असल्या कागदांवर काम होतं. त्यावर असेल तर सक्सेशन सर्टिफिकेट (मयताचे शेअर्स-पैसे घ्यायचा अधिकार वारसाला देणारा दाखला), प्रोबेट (मृत्युपत्र खरं असल्याचा दाखला) असलं काहीतरी कोर्टाचं लागतं. आमचं तिन्ही मिळून वीस लाखांच्या वर जात होतं, म्हणजे कोर्ट आलंच.

शिवाजीनगर कोर्टात आईच्या ओळखीतून एक वकीलबाई मिळाल्या. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "वडिलांची आई आहे का?" आहे, त्र्याण्णव वर्षांची, तळेगावला काकाकडे. "मग त्यांचीही सही लागेल." हे बऱ्याच जणांना माहीत नसतं म्हणून सांगते. हिंदू वारसा कायद्यात पहिल्या वर्गाचे वारस म्हणजे बायको, मुलगे, मुली आणि मेलेल्या माणसाची आई. वडील त्यात नाहीत, आई आहे. मृत्युपत्र नसेल तर आमच्यासारख्या घरात चार सारखे हिस्से होतात, आई, आजी, दादा आणि मी. आणि एका आत्याने "मुलीची सही कशाला" असं विचारलं होतं म्हणून हेही लिहिते, की बाबांच्या स्वकष्टाच्या मिळकतीत मुलीचा हक्क १९५६ च्या कायद्यापासूनच आहे, २००५ ची दुरुस्ती वडिलोपार्जित मिळकतीबद्दल होती.

एप्रिलमध्ये कागद घेऊन तळेगावला गेले. आजीला ऐकायला कमी येतं पण डोकं लख्ख आहे. सगळं समजावून सांगितलं, कुठे अंगठा द्यायचा ते दाखवलं. तिने कागद बाजूला सारला.

"त्याचं देणं फिटलंय का?"

म्हटलं फिटलंय आजी, पावत्या आहेत.

"पावत्या नको मला. संस्थेचा कागद आण, की याचं काही राहिलं नाही. आणि त्याच्यासाठी जामीन राहिला होता तो भोसरीचा, त्याचं बघ. मग मी अंगठा देते. आधी त्याच्या डोक्यावरचं उतरव."

मला तेव्हा चिडायला झालं होतं, खरं सांगते, कारण वकीलबाईंनी मे महिन्याच्या सुट्टीआधी अर्ज दाखल करू म्हटलं होतं. पण वकीलबाईंना फोन केला तर त्या आजीच्या बाजूने निघाल्या. त्यांनी जे सांगितलं ते माझ्या भाषेत असं. वडिलांचं कर्ज मुलांनी आपल्या खिशातून फेडायचं बंधन सहसा नसतं, दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ५० प्रमाणे वारसाची जबाबदारी त्याच्या हातात आलेल्या मयताच्या मिळकतीपुरतीच. मुलाने बापाचं कर्ज फेडणं हे धर्मकर्तव्य म्हणून कोर्टात मागता यायचं, तेही २००५ च्या दुरुस्तीने बंद केलं, पण ती दुरुस्ती ९ सप्टेंबर २००५ नंतरच्या कर्जाला. बाबांचं १९९८ चं. आणि आता हे शेअर्स म्हणजे मिळकत हातात येणारच होती, त्यामुळे जुनं काही उभं असेल तर ते याच्यावर येऊ शकतं. तेव्हा बेबाकी दाखला, म्हणजे काही देणं राहिलं नाही असा कागद, घेऊन ठेवा.

पतसंस्था एव्हाना अवसायनात गेलेली, म्हणजे कायद्याने गुंडाळायला काढलेली. जुना पत्ता बंद, तिथे आता मोबाईलचं दुकान. उपनिबंधकांच्या ऑफिसात अर्ज देऊन अवसायक, म्हणजे ती गुंडाळायला नेमलेले अधिकारी, कोण आहेत ते कळलं, मग त्यांच्याकडे कर्जखाते नंबर, पावत्यांच्या झेरॉक्स आणि मृत्यूचा दाखला जोडून बेबाकीसाठी अर्ज. खातेउतारा शोधायला त्यांना वेळ लागला, एक रजिस्टर दुसऱ्या गावच्या गोडाऊनमध्ये होतं. मे ते ऑगस्ट असेच गेले. शेवटी उताऱ्यात ४,२०० रुपये व्याज बाकी दिसत होतं, २०१४ च्या शेवटच्या हप्त्यानंतर कुणीतरी बसवलेलं. भांडता आलं असतं. आईने पर्समधून काढून भरले आणि म्हणाली कागद घे. २१ ऑगस्टला बेबाकी दाखला हातात आला, गोल शिक्क्याचा. अर्ज नेहमी दोन प्रतींत न्या आणि दुसरीवर आवक नंबर टाकून घ्या, त्या नंबराशिवाय पुढच्या वेळी कुणी ओळख दाखवत नाही.

जामीन राहिलेल्या त्या भोसरीच्या काकांचं काम कायद्याचं नव्हतंच. २००५ मध्ये त्यांच्या पगारातून ३८,००० कापले गेले होते, बाबांच्या डायरीत त्यातले २१,००० परत दिल्याच्या तारखा आहेत. उरलेले १७,००० वीस वर्षांपूर्वीचे, मुदत कधीच संपलेली, कुणी कोर्टात मागू शकत नाही. आम्ही तिघं काकांकडे गेलो. आधी ते घेईनात. डायरी दाखवली तेव्हा त्यांनी ती बराच वेळ वाचली आणि मुद्दल घेतलं, व्याज घेतलं नाही. मग बाबांबद्दल बोलत बसले. गाळा बंद करताना बाबांनी एक लेथ विकून आधी कामगारांचा तीन महिन्यांचा पगार दिला होता आणि मग उरलेलं पतसंस्थेत भरलं, म्हणून तो वसुलीचा दाखला लवकर आला, हे आम्हाला त्यांच्याकडून कळलं. दादा येताना गाडीत काहीच बोलला नाही.

आजीने त्या रविवारी अंगठा दिला. संमतीचं प्रतिज्ञापत्र नोटरीसमोर झालं, नोटरी तळेगावला घरी आले होते, त्याचे वेगळे पंधराशे. वृद्ध माणसाचं डॉक्टरी सर्टिफिकेट सोबत ठेवा, शुद्धीत आणि समजून अंगठा दिला असं.

सप्टेंबर २०२४ ला अर्ज दाखल. बाकी तिघांच्या संमतीने सर्टिफिकेट आईच्या नावे मागितलं. जाहीर नोटीस पेपरात द्यावी लागते, कुणाची हरकत असेल तर त्याला मुदत मिळते, मग आईचं पुराव्याचं प्रतिज्ञापत्र. मधे न्यायाधीश साहेबांची बदली झाली, दोन तारखा नुसत्याच गेल्या. कोर्ट फी रकमेच्या प्रमाणात लागते, तिला ७५ हजारांची कमाल मर्यादा आहे आणि आम्हाला तेवढीच लागली. वकील फी ३० हजार, पेपरची नोटीस साडेचार हजार. हा सगळ्यात मोठा खर्च, आणि तो शेअर्स हातात यायच्या आधी करावा लागतो, त्याची तयारी ठेवा. आमच्यात दादाने दिला.

अर्ज लिहितानाची एक गोष्ट खूप महत्त्वाची. परिशिष्टात तिन्ही कंपन्यांची आजची नावं, फोलिओ, सर्टिफिकेट नंबर, आजची संख्या आणि "आयईपीएफकडे वर्ग झालेले शेअर्स व त्यावरील डिव्हिडंड" असं स्पष्ट लिहून घ्या, आणि डिव्हिडंड घेण्याचा व शेअर्स हस्तांतर करण्याचा असे दोन्ही अधिकार मागा. नुसतं "बजाज ऑटोचे ५० शेअर्स" असं असतं तर पुढे तिघांपैकी दोन कंपन्यांनी कागद परत पाठवले असते.

एप्रिल २०२५ ला सर्टिफिकेट मिळालं. सर्टिफाईड प्रती जास्तीच्या काढा, तीन कंपन्या म्हणजे तीन संच. १ जून २०२५ ला पुण्यातच आयईपीएफ प्राधिकरण आणि सेबीचं पहिलं निवेशक शिबिर भरलं होतं, तिथे कागदांची पिशवी घेऊन गेले. टेबलावर बसलेल्या मुलीने संच बघून दिला आणि सहीच्या जुळणीचा एक फॉर्म राहिलाय ते सांगितलं. माणसाशी समोरासमोर बोलायला मिळतं याचाच केवढा धीर येतो. तुमच्या शहरात असं शिबिर असेल तर जरूर जा.

पुढचं पटापट सांगते कारण ते वेबसाईटवर आहे. आधी आईचं डिमॅट. मग आरटीएकडे आयएसआर-१ (केवायसीचा), आयएसआर-२ (सहीचा) ज्यावर बँक मॅनेजरचा शिक्का लागतो, आयएसआर-५ (शेअर्स वारसाच्या नावे करायचा) हे फॉर्म, सोबत सक्सेशन सर्टिफिकेट आणि मूळ शेअर सर्टिफिकेट. ते तपासून एंटायटलमेंट लेटर, म्हणजे हे शेअर्स यांच्या हक्काचे असं पत्र, देतात. ते आलं की एमसीएच्या (केंद्राच्या कंपनी मंत्रालयाच्या) पोर्टलवर फॉर्म आयईपीएफ-५, प्रत्येक कंपनीसाठी वेगळा. याला सरकारी फी शून्य आहे. शून्य. मला फोन आलेले एजंट रकमेच्या वीस टक्के मागत होते. फॉर्म भरला की पोचपावती, इंडेम्निटी बाँड, रेव्हेन्यू स्टँप लावलेली आगाऊ पावती, क्लायंट मास्टर लिस्ट (डिमॅट खात्याच्या तपशिलाचा कागद), कॅन्सल चेक असा संच कंपनीच्या नोडल ऑफिसरला, म्हणजे या कामाच्या अधिकाऱ्याला, पाठवायचा, पाकिटावर आयईपीएफच्या परताव्याचा क्लेम आहे असं लिहून. बँक खातं आधारला जोडलेलं हवं. बाँड ५०० च्या स्टँपवर केला. मी ऑगस्टमध्ये भरले, पहिले शेअर्स डिसेंबरात आले, मग बाकीचे. डिव्हिडंड वेगळा बँकेत आला.

आपल्याकडे वारसा कर नाही, तो १९८५ ला गेला. विकले तर मात्र नफ्यावर कॅपिटल गेन टॅक्स लागतो, आणि त्यात वडिलांची खरेदी आणि त्यांचा काळ धरतात, इतक्या जुन्या लिस्टेड शेअर्सना ३१ जानेवारी २०१८ चा भाव आधाराला घेता येतो. सीएला एकदा दाखवा.

आईने लगेच स्वतःच्या खात्यांना नॉमिनी लावले आणि वर मृत्युपत्रही केलं. नुसतं नॉमिनेशन पुरत नाही, कारण नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. कालनिर्णयच्या जयंत साळगावकरांच्या मिळकतीच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने डिसेंबर २०२३ ला शेअर्सबाबत हेच सांगितलं. नॉमिनी ते सांभाळतो, हक्क वारसांचा. बाबांनी नॉमिनी लावला असता तर आमचं कोर्ट वाचलं असतं, हे मी त्यांना दोष द्यायला लिहीत नाहीये, १९८० च्या दशकात शेअर्सना नॉमिनी लावायची सोयच नव्हती.

आजीने तिचा हिस्सा नको म्हटलं, पण तळेगावच्या घराची गळकी कौलं बदलून द्या म्हणाली, ते काम पावसाच्या आत करायचंय. आणि परवा फाईल पुन्हा लावताना दुसऱ्या एका कंपनीचं १९८६ चं अलॉटमेंट लेटर सापडलं, दहा शेअर्सचं. कंपनीचं नाव बदललेलं दिसतंय. वकीलबाई म्हणाल्या नवीन अर्ज नको, आहे तेच सर्टिफिकेट भारतीय उत्तराधिकार कायद्याच्या कलम ३७६ खाली वाढवून मागता येतं, वाढीव रकमेवर कोर्ट फी लागेल. आधी आरटीएचं उत्तर येऊ दे, मग ठरवू. कुणी ३७६ चा अर्ज पुण्यात केला असेल तर किती वेळ लागला ते सांगा.